शाई पाहण्यापुरती सही

नवं पेन हातात आलं की माणूस काय लिहितो, हे कधी दुकानात उभं राहून पाहावं. कुणी 'श्री' काढतो, कुणी नुसती वेटोळी काढतो, पण बहुतेक जण सही करतात. मी करत नाही. दुकानदारानं कागद पुढे केला की मी दोन उभ्या रेघा मारते आणि पेन परत देते. "मॅडम, काही लिहून तर पाहा," असं तो म्हणतो. त्याला काय सांगणार? सांगायचं तर झाडे सर सांगावे लागतील, आणि झाडे सर सांगायचे तर स्वतःबद्दलही थोडं खरं बोलावं लागेल. ते मी इतकी वर्षं टाळत आले.

नागपूरच्या धरमपेठेतल्या आमच्या मुलींच्या शाळेत मी भूगोल शिकवायला लागले तेव्हा झाडे सर पन्नाशी ओलांडलेले होते. मराठी शिकवत. सावनेरकडचं शेतकरी घर, भाऊ अजून शेती करणारा, आणि हे एकटे शिकून शहरात आलेले. उंच, मानेतून थोडे वाकलेले. पांढरा सदरा, आणि त्याच्या खिशाखाली एक लाल डाग. सदरे बदलत, डाग तिथंच असे. "हा डाग गेला तर मी तुमाले घरात घेणार नाही, असं आमची म्हणते," असं ते सांगत. उजव्या हाताचं पहिलं बोट तर कायमचंच लाल.

पहिल्या दिवशी शिक्षकखोलीत मी कुठं बसावं या विचारात उभी होते. सरांनी वह्यांचा एक गठ्ठा उचलून शेजारच्या खुर्चीवरची जागा मोकळी केली.

"बस वं इथं. नाव काय तुहं?"

"कुंदा."

"माही लहानी बहीण होती कुंदा," ते म्हणाले आणि पुन्हा तपासायला लागले. 'होती' म्हणाले, पुढे काही सांगितलं नाही. त्या दिवसापासून मी त्यांची 'वं' झाले. बाकीच्या बायकांना ते 'मॅडम' म्हणत, हेडबाईंना 'आपण'.

मला आधी त्यांच्या बोलण्याचं हसू यायचं. आमचं घर कारकुनांचं. आम्ही नागपुरातच वाढलो तरी घरात 'मला-तुला' बोलायचो आणि त्याचा उगीच तोरा मिरवायचो. एकदा मी धीर करून विचारलं, "सर, तुम्ही मराठीचे शिक्षक, आणि 'मले-तुले' कसं म्हणता?"

"शुद्धलेखन लिहायले असते वं, बोलायले नाही," ते म्हणाले. "वर्गात गेलो का मी कागदाची मराठी बोलतो. ते परक्याशी बोलायची. घरच्या माणसाशी कागदासारखं बोलून राहिलो, तर घरचं कोण अन् परकं कोण, कसं समजन?"

वर्गात ते खरोखरच वेगळे होत. एकही शब्द वाकडा नाही, क्रियापद जागच्या जागी, आवाज पुस्तकासारखा. घंटा झाली, खोलीत आले, खुर्चीत बसले, की "काहून वं, चहा नाही आला?" हे असं रोज दिवसातून सहा वेळा होई.

त्यांचा खरा संसार म्हणजे लाल शाई. बाजारची तयार शाई त्यांना पसंत नव्हती. एक गुलाबी पडते, दुसरी निबेत गोठते, तिसरी कागदावर फुटते. म्हणून सदर बाजारातल्या एका दुकानातून ते लाल पुड्या आणत आणि दर सोमवारी मधल्या सुट्टीत शाई करत. कोमट पाणी, त्यात पुडी, मग मलमलीच्या फडक्यातून गाळणं. बुरशी धरू नये म्हणून बाटलीत एक लवंग. आमच्या शाळेतल्या मुलींच्या वह्यांना लवंगेचा बारीक वास यायचा, तो यामुळे. नागपूरच्या उन्हाळ्यात पेन उघडं ठेवलं की निब मिनिटात सुकते, तेव्हा एप्रिलची शाई पातळ आणि डिसेंबरची दाट, असाही त्यांचा हिशेब होता.

मग शाई पाहायची. त्याची त्यांची रीत ठरलेली. आधी रद्दीवर एक उभी रेघ, एक आडवी. मग 'पुन्हा लिहा'. आणि शेवटी, चांगल्या फुलस्केप कागदावर, सही. 'म. ना. झाडे', आणि शेवटच्या मात्रेची शेपटी खाली ओढून नावाखालून परत आणलेली.

"सहीच काहून?" मी एकदा त्यांच्याच बोलीत विचारलं. मला ती लागली होती.

"माणूस बाकी काही लिहिते तं विचार करून लिहिते. हात थांबते. सही करताना हात थांबत नाही. शाईचा खरा स्वभाव सहीत समजते. परीक्षेचे पेपर तपासले का प्रत्येकावर सही करावी लागते, तेथं अडखळली तं काय फायदा?"

आणि ही सही कागदाच्या अगदी खाली, उजव्या कोपऱ्यात. मी एकदा पेन पाहायला कागदाच्या मधोमध लिहायला लागले तर त्यांनी हात धरला. "अवं, वरून नाही, खालून पाह्य. वरचा कागद कामी येते." सही पाहून झाली की तो कागद आमच्या दोघांच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये जाई. पुढे कधीतरी ते खालची पट्टी फाडून टाकत आणि वरच्या कागदावर मुलींना सराव लिहून देत. पण फाडायचं काम साचत असे. ड्रॉवरमध्ये कायम दहा-पंधरा कागद पडलेले: वर कोरे करकरीत, खाली लाल सही. शाळेतल्या प्रत्येकानं ते पाहिलेले होते. शिपायानं, हेडबाईंनी, हेडक्लार्कनं. आम्ही त्यावरून सरांना चिडवायचोसुद्धा.

'पुन्हा लिहा' हा त्यांचा एकच शेरा. 'चूक' असं त्यांनी कधी लिहिलं नाही, 'वाईट अक्षर' नाही, 'लक्ष द्या' नाही. चुकीभोवती गोल, समासात बरोबर शब्द, आणि खाली 'पुन्हा लिहा'. म्हणत, "चूक म्हटलं का पोट्टी रडते. पुन्हा लिही म्हटलं का लिहिते." शुद्धलेखनाचे नवे नियम आले तेव्हा जुने अनुस्वार खोडण्यात त्यांची एवढी शाई गेली की दर सोमवारी दोन पुड्या लागायला लागल्या.

पण हा रोग वह्यांपुरता राहिला असता तर बरं झालं असतं. हातात पेन असलं की सरांना समोरचा कागद कुणाचा हे दिसत नसे. हेडक्लार्कच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली. छापून झालेली, हळदीकुंकू लावलेली. सरांनी वाचली, 'आशिर्वाद'मधल्या 'शि'भोवती गोल काढला, समासात 'आशीर्वाद' लिहिलं आणि सगळ्यांदेखत ती त्याला परत दिली. "पाचशे छापल्या काय गा? अरेरे." तो बिचारा हसला. त्याचं ते हसणं मी पाहिलं होतं. सरांनी पाहिलं नाही, ते दुसरी ओळ वाचत होते.

आणि मग संस्थेच्या सेक्रेटरींचा वार्षिक अहवाल. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. मोठं घर, मोठा आवाज, आणि अहवाल दरवर्षी स्वतः लिहायची हौस. त्या वर्षी त्यांनी हस्तलिखित हेडबाईंकडे पाठवलं, हेडबाईंनी 'एकदा नजरेखालून घाला' म्हणून सरांकडे दिलं. 'नजरेखालून घाला' याचा अर्थ 'छान आहे म्हणा', हे शाळेतल्या मांजरालाही कळलं असतं. सरांनी बारा पानं लाल केली. शेवटच्या पानावर, भाऊसाहेबांच्या सहीखाली, सवयीनं लिहिलं: पुन्हा लिहा.

मी म्हणाले, "सर, हे असं पाठवू नका."

"काहून? मराठी शाळेचा अहवाल आहे न? पोरी वाचतीन."

तो अहवाल तसाच गेला. संमेलनात भाऊसाहेबांनी तो दुरुस्त करून वाचला आणि वाचताना एकदाही मान वर केली नाही.

तेवढ्यावर एखाद्याची नोकरी जाते असं नाही. पण भाऊसाहेबांचे जावई मराठीत एम. ए. होऊन घरी बसले होते, आणि शाळेत मराठीची जागा एकच होती. तिच्यावर बसलेल्या माणसाला निवृत्तीला सहा वर्षं उरली होती. हे सगळं मला नंतर कळलं, असं मी पुष्कळ वर्षं लोकांना सांगत आले. काही नंतर कळलं. सगळं नाही.

मार्चमध्ये एका दुपारी हेडक्लार्क शिक्षकखोलीत आला. सर वर्गावर होते, मी एकटी नकाशे गुंडाळत होते.

"मॅडम, तुमच्या ड्रॉवरात कोरे फुलस्केप असतीन न? द्या दोन-चार. टाइपाले पाहिजेत, कागद सरले."

मी ड्रॉवर उघडला. "यांच्यावर खाली सरांनी शाई पाहिलेली आहे," मी म्हणाले.

"चालते न. कच्चंच टाइप करायचं आहे."

मी चार कागद मोजून दिले. तो गेल्यावर मला वाटलं, कच्च्या टाइपाला फुलस्केप कशाला? मग मी पुढचा नकाशा गुंडाळायला घेतला.

पाच दिवसांनी सरांना पत्र मिळालं: आपला राजीनामा संस्थेनं मंजूर केला आहे. सरांना वाटलं, पाकीट चुकून आलं. ते हसत हसत हेडबाईंकडे गेले. परत आले तेव्हा हसत नव्हते. खुर्चीत बसले, ड्रॉवर उघडून आतले कागद एकेक करून पाहिले, आणि म्हणाले, "कुंदा, वं, कागद कमी आहेत."

मी भिंतीवरचा नकाशा सरळ करायला उठले.

पुढे नियम आले की राजीनामा रजिस्टर पोस्टानंच पाठवला पाहिजे. अशा कागदांनी कितीजण गेले असतील म्हणून ते नियम आले असतील. सरांच्या वेळी नव्हते. त्यांनी तक्रारीचा अर्ज केला तेव्हा संस्थेनं मोठेपणा म्हणून तिघांची चौकशी समिती नेमली. तिघंही भाऊसाहेबांच्या ओसरीवर चहा पिणारे. शनिवारी शाळा सुटल्यावर हेडबाईंच्या खोलीत ती बसली. एक माणूस, एक कागद, आणि साक्षीला म्हणून सरांनी दिलेलं एकच नाव, माझं.

सर उभेच होते. एकानं विचारलं, "ही सही तुमची आहे?"

"सही माही आहे. राजीनामा माहा नाही."

त्यातला एक जण हसला. "मराठीचे शिक्षक ना तुम्ही?"

सरांचा चेहरा बदलला. ते कागदाच्या मराठीवर आले. म्हणाले, "मी शाई पाहण्यासाठी कोऱ्या कागदाच्या तळाशी सही करतो. अर्जावर मी निळ्या शाईनंच सही करतो, माझे सगळे अर्ज कचेरीत आहेत, काढून पाहावेत. आणि हे पाहा. 'राजिनामा'. 'कौटुंबीक'. दोन ओळींत दोन चुका. हे मी लिहीन?"

आणि त्यांनी केलं काय, तर खिशातलं पेन काढलं आणि त्या कागदावर दोन लाल गोल काढले. समासात 'जी' लिहिलं, 'बि' लिहिलं. सवय. मला आजही वाटतं, त्यांना जरा वेळ दिला असता तर खाली शेराही लिहिला असता.

समितीच्या प्रमुखानं कागद उजेडात धरला. "चुका टाइप करणाऱ्याच्या. पण शाई बघा, तीच. हात तोच." आणि कागद फायलीत ठेवून दिला. त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं की शाई तीच आहे. म्हणूनच तर तो कागद खोटा होता. पण खरं उलटं टांगून ठेवलं की तेही पुराव्यासारखं दिसतं.

मग मला विचारलं. प्रश्न सरळ होता: झाडे सर शाई पाहण्यासाठी कोऱ्या कागदावर सही करतात, हे तुम्ही पाहिलं आहे का?

दोन वर्षं मी त्या टेबलाशी बसले होते. नोकरीत मी कायम होण्याचा ठराव त्याच महिन्यात संस्थेपुढे होता. हेडबाईंनी सकाळीच मला तो दाखवला होता, सही व्हायची बाकी आहे म्हणून. माझ्या घरी वडील अंथरुणाला खिळलेले होते, हेही खरं. पण ते कारण मी नंतर शोधलं. त्या क्षणी मी फक्त घाबरले होते.

"माझं लक्ष नव्हतं," मी म्हणाले.

खोटं बोलायला एवढेच तीन शब्द लागले. आणि चार कागद मी माझ्या हातानं दिले होते, हे तर मला कुणी विचारलंच नाही.

बाहेर व्हरांड्यात सर नळावर हात धूत होते. बोटाची शाई जात नव्हती, जाणार नव्हतीच. मी जवळ जाऊन उभी राहिले. काय बोलणार होते कुणास ठाऊक. त्यांनी हात पुसले, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "आपण घरी जावं, बाई. आपल्याला उशीर होत असेल."

आपण. बाई. एकही शब्द वाकडा नाही.

ते सोमवारी आले ते सामान न्यायला. पण नववीच्या निबंधांच्या वह्या टेबलावर राहिल्या होत्या. हेडबाई म्हणाल्या, राहू द्या, नवे सर पाहतील. "पोरीइचं काय चुकलं?" एवढंच म्हणाले आणि दिवसभर बसून सगळ्या तपासल्या. शेजारच्या खुर्चीवर मी होते. माझ्या बाजूचा गठ्ठाही त्यांनी स्वतः उठून घेतला. शेवटची वही मिटली, बाटलीतली लवंग बोटानं काढून खिडकीबाहेर टाकली, राहिलेली शाई मोरीत ओतली आणि गेले. जूनमध्ये जावई आले. त्यांची लाल रेघ कुठल्या वहीत मला कधी दिसली नाही. मी कायम झाले.

त्यानंतर आठ-नऊ वर्षांनी ते मला एकदाच दिसले. तोवर सगळीकडे बॉलपेन झालं होतं. मी शाळेसाठी रिफिलींचा डबा घ्यायला सदर बाजारातल्या त्या शाईच्या दुकानात गेले होते. काउंटरवर पाठमोरे सर. मान आणखी वाकलेली, हातात कापडी पिशवी. दुकानदाराशी भांडत होते.

"काहून गा, हे शाई गुलाबी पडून राहिली? वह्या तपासतो का मेंदी काढतो, असं आमच्या गावचे पोट्टे विचारतेत मले."

दुकानदार हसत दुसरी बाटली काढायला लागला. म्हणाला, "सर, आता हे घेणारे तुम्ही एकटेच उरले."

तोच आवाज. मला इतकं बरं वाटलं की मी विचार न करता पुढे झाले. "सर!"

ते वळले. ओळखायला त्यांना वेळ लागला नाही.

"नमस्कार, बाई. आपण कशा आहात? शाळा व्यवस्थित चालली असेल."

"चालली आहे. तुम्ही बरे आहात ना, सर?"

"उत्तम आहे. गावी असतो. मुलांचा अभ्यास घेतो."

प्रत्येक वाक्य पाठ्यपुस्तकात छापता आलं असतं. माझ्या तोंडी सगळं आलं होतं. चार कागद, नकाशे, तो ठराव. पण त्या स्वच्छ, इस्त्री केलेल्या मराठीत कुठं बोट शिरकवायला जागा नव्हती. दुकानदारानं नवी बाटली उघडून पेन भरलं आणि एक कोरा कागद पुढे केला. सरांनी दोन उभ्या रेघा मारल्या, बस्स. मी वाट पाहत राहिले. त्यांनी सही केली नाही.

"तुम्ही पाहा न, मॅडम," म्हणत दुकानदारानं दुसरा कोरा कागद माझ्यापुढे सरकवला आणि पेन माझ्या हातात दिलं.

काय लिहावं सुचेना. आणि हात आपोआप गेला कागदाच्या तळाशी, उजव्या कोपऱ्यात, आणि सही करून मोकळा झाला. वरचा कागद वाया जाऊ नये, हे शिकवलेलं मी विसरले नव्हते.

सरांनी तो कागद माझ्यासमोरून ओढून घेतला. सहीच्या वर घडी घातली, नखानं दोनदा दाबली आणि पट्टी सरळ फाडली. पट्टी माझ्या हातात ठेवली.

"ही आपल्याजवळ ठेवा, बाई. कोऱ्या कागदाखाली सही सोडू नये. कोणाच्या हाती पडेल, आणि कोण नेऊन देईल, काही सांगता येत नाही."

ते माझ्याकडे पाहत होते. रागानं नाही. वही तपासताना पाहत तसं.

मग त्यांनी बाटली पिशवीत टाकली, उरलेला कोरा कागद उचलला आणि दुकानदारापुढे धरला.

"घे गा," ते म्हणाले, "वरचा कागद चांगला आहे. कामी येते."